पेवातलं बोलणं

माझी नातवंडं मला भित्री म्हणतात. बुलढाण्यातल्या आमच्या घराच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. वर्षातून दोनदा ती धुवायला कुणीतरी आत उतरतं, आणि तेवढा वेळ मी टाकीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते. आत उतरलेल्यानं सारखं बोलत राहायचं आणि मी वरून 'हं' म्हणायचं, असा माझा कायदा आहे. थोरला नातू आतून क्रिकेटची कॉमेंट्री करतो. धाकटी नात माझ्याच नावानं काहीबाही बोलते, माझ्या चहातली साखर, माझं चष्मा शोधणं, सगळं. खुशाल बोलू दे. कोण काय बोलतं याच्याशी मला देणंघेणं नाही, बोलणं थांबता कामा नये एवढंच. हा कायदा मी काढलेला नाही, तो आमच्या गावचा आहे. तो एकदा मोडला तेव्हा माझ्या मायनं काय केलं, ते आता लिहून ठेवलं पाहिजे. ते पाहिलेली माणसं एकेक करून गेली आणि मीच तेवढी उरले आहे.

आमचं गाव धामणगाव बढेपासून दोन कोसांवर. घर मातीचं, लांबलचक, पुढं ओसरी आणि ओसरीसमोर अंगणात पेव. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खोल खणलेली ही धान्याची कोठी. तोंड अरुंद, एक माणूस खांदे आवळून जेमतेम जाईल एवढं, आणि आत पोट चांगलं ऐसपैस. तळाला आणि कडेला कडबा, कडुलिंबाचा पाला लावायचा, वर ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. त्यात ज्वारी दोन-दोन वर्षं राहायची, पण तिला एक आंबूस वास यायचा. त्या ज्वारीत उडीद घालून मोठीमाय, माझी थोरली काकू, कळण्याची भाकर थापायची, सोबत अंबाडीची भाजी आणि वरून लसणाच्या फोडणीचं तेल. पाहुण्यांना तो वास सोसायचा नाही. आम्हाला मात्र ताज्या ज्वारीची भाकर अळणी वाटायची.

बंद पेवात हवा मरते. का मरते ते मला पुढं शाळेत शिकवताना कळलं, पण गावाला आधीपासून माहीत होतं की मेलेली हवा खाली बसून राहते, दिसत नाही, आणि वाकलेल्या माणसाला उठू देत नाही. म्हणून पेव उघडलं की एक दिवस, एक रात्र ते उघडंच ठेवायचं. मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. कंदील विझला नाही तर माणूस उतरायचा, आणि उतरलेल्यानं बाहेर येईपर्यंत तोंड बंद करायचं नाही. वर एक जण हुंकार द्यायला बसायचा. आता खाली टोपलं भरत असताना माणसानं बोलायचं तरी काय? मनात येईल ते. त्यामुळे आमच्याकडे दुसरा कायदा आपोआप झाला होता. पेवातलं बोलणं पेवातच ठेवायचं, त्याचा राग धरायचा नाही आणि ते बाहेर न्यायचं नाही.

आमचा सालदार नामदेव या कायद्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा. एरवी मोठेबाबांसमोर त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे. पेवात उतरला की तो आमच्या घरच्या ताकात पाणी किती, पायलीभर कामाला पसाभर चटणी कशी पुरते, इथपासून सुरुवात करायचा. अंगणात आम्ही पोरी तोंडात पदर, ओढण्या कोंबून हसायचो. वर शिळेवर मोठेबाबा बसलेले असत. तोंडावरची माशी न हलवता ते प्रत्येक वाक्यावर म्हणायचे, "हं." नामदेव बाहेर आला, त्यानं अंग झटकलं की दोघंही जणू काही झालंच नाही असे कामाला लागायचे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. उंच, सडसडीत, बोलायला अतिशय महाग. घरातला प्रत्येक नियम त्यांचा. जेवायला बसले की ताट सरकवण्यावरून कळायचं की भाकर हवी की भाजी. आणि माझी माय, गिरजा, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यासमोर बाईनं बोलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माय लग्न होऊन आली तेव्हापासून चौदा वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ते ओसरीत आले की तिचा पदर नाकापर्यंत यायचा. काही सांगायचं असलं तर माझ्याकडून, "कुसे, मोठ्याबाबाले सांग, पानी तापलं." मोठेबाबा तिथंच चार हातांवर उभे, सगळं ऐकलेलं, तरी मी सांगेपर्यंत ते हलायचे नाहीत. मला त्याचा तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. वैशाख, आखाजीचा सण दोन दिवसांवर आलेला. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. मोठेबाबांची लेक तुळसाबाई पहिलं लेकरू घेऊन येणार होती, आणि माझे बाबा सकाळीच बैलगाडी जुंपून तिला मोताळ्याला एसटीवरून आणायला गेले होते. घरातल्या कोठीतली ज्वारी संपत आलेली. पेव आदल्या दिवशी उघडायचं ठरलं होतं, पण नामदेवच्या उजव्या हाताला विंचू चावला आणि तो हात कोपरापर्यंत सुजला, त्या गडबडीत ते राहून गेलं. मग मोठेबाबांनी सकाळी शिळा काढली, दुपारपर्यंत पेव उघडं ठेवलं, कंदील सोडला. कंदील जळत राहिला. नंतर कळलं की तो तळापर्यंत पोचलाच नव्हता, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लटकत होता. लेक येणार म्हणून त्यांना घाई झाली होती. आयुष्यात बहुधा तेवढी एकदाच.

ते स्वतः उतरले. नामदेव डाव्या हातात टोपल्याची दोरी धरून वर उभा राहिला. हुंकार द्यायला शिळेवर कुणीच बसलं नाही, कारण मोठेबाबा बोलणार नव्हते. नामदेवनं चाचरत विचारलं होतं, "मालक, बोलसान नं?" तर ते म्हणाले, "म्या काय लेकरू हाओ का बडबड कराले?" आणि खाली गेले. बाकी साऱ्या गावाला लावलेला कायदा त्यांना लावायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

तीन टोपली वर आली. माय ओसरीत सुपानं ज्वारी पाखडत होती, मी तिच्याजवळ खडे वेचत होते. सुपाचा आवाज मला अजून ऐकू येतो, फडाक-फडाक, मग ज्वारी घोळण्याची सळसळ. चौथं टोपलं येईना. मायचं सूप थांबलं. ती मला हळूच म्हणाली, "कुसे, नामदेवले इचार, टोपलं काऊन नाई आलं?"

मी विचारलं. नामदेव म्हणाला, "मालक दम घेत असन."

"त्याले म्हन, हाक मार," माय म्हणाली.

नामदेव माझ्याकडे बघतच राहिला. "म्या? मालकाले हाक मारू? बह्याड झाली का पोट्टी?"

आज हे सांगताना हसू येतं. पण तेव्हा त्या अंगणात खरंच तसं होतं. माणूस खाली मरत होता आणि वरचा माणूस हातात दोरी धरून मर्यादा पाळत उभा होता. मालक गप्प आहेत, म्हणजे मालकांची मर्जी. गप्प बसण्याला आमच्या घरात इतका मान होता की ते धोक्याचं असू शकतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते आलं एकट्या मायच्या, कारण गप्प बसण्यातलं तिला सगळ्यांत जास्त कळत होतं.

तिनं सूप टाकलं आणि पेवाच्या तोंडाशी आली. मला म्हणाली, "तू हाक मार." मी पालथी पडून ओरडले, "मोठेबाबा!" खालून काही आलं नाही. डोळे अंधाराला सरावल्यावर ज्वारीच्या ढिगाऱ्यावर त्यांचं पांढरं धोतर दिसलं. ते टोपल्यावर वाकलेले, तसेच आडवे झाले होते.

माझा ओरडा ऐकून शेजारचे रहीमचाचा धावत आले. ते पिंजारी, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे, त्यांच्या मिशांना कायम कापूस चिकटलेला असे. मोठीमाय स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली आणि दारातच मटकन बसली. नामदेव सुजलेल्या हातानं उतरायला निघाला तेव्हा चाचांनी त्याला मागं ओढलं. स्वतः जायला बघितलं तर त्यांचे खांदे तोंडातच अडकले. ते उठले, पळत घरी गेले आणि अर्धवट शिवलेली एक जाड रजई घेऊन आले. चार टोकांना दोरी बांधून त्यांनी ती पेवात सोडली आणि दणादण खालीवर करू लागले, विहिरीवर घागर खालीवर करतात तशी. खालून आंबूस, गरम हवा वर येऊ लागली.

तोवर मायनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला होता आणि कमरेला दोर बांधत होती. दुसऱ्या दोराचं टोक तिनं दातात धरलं होतं. चाचा म्हणाले, "बेटी, रुको जरा. आनखी हवा घालू दे."

मायनं दातातला दोर काढला. "किती वेळ हाये चाचा त्याइच्याजवळ?"

चाचांनी हात थांबवले. रजई बाजूला घेतली आणि तिचा दोर कमरेला लपेटून पाय रोवून उभे राहिले.

माय मला म्हणाली, "कुसे, हुंकार तू द्यायचा. म्या उभी असली का बोलन. पन त्याइले बांधाले वाकाव लागन, तवा दम धरीन, बोलनार नाई. म्या 'वाकली' म्हनलं का तू एक-दोन-तीन म्हन. वीसपावतर. वीस झाले आन् म्या बोलली नाई, तर ओढा. कोनी काई म्हनो. समजलं?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"समजलं, माय."

ती आत गेली. ती बारीक, चणीनं लहान, त्या तोंडातून पाणी जावं तशी सहज गेली. आणि मग, लग्नानंतर पहिल्यांदा, माझी माय भासऱ्यासमोर बोलली.

"उतरली," ती म्हणाली.

"हं," मी म्हणाले.

"पाय टेकले. जवारी गरम हाये."

"हं."

"इथी उभं राह्यलं तर बरं वाटते. अवो, उठा. उठा नं. आईकू येते का?" मग क्षणभर थांबली. मी ओरडले, "माय, बोल!" आणि ती जी सुटली ती सुटलीच. "साऱ्या गावाले सांगता, बोलत राह्या, बोलत राह्या. आन् तुमाले काऊन लाज वाटते? तुमचं तोंड काय सोन्याचं हाये? चौदा वर्सं झाले मले या घरात. रोज तुमच्या ताटात मीठ पाहून पाहून घालते. एक दिस तरी म्हनलं का, का गिरजे, भाजी चांगली झाली? ताट सरकवता नुसतं! लेक येऊन राह्यली तुमची, नातू येऊन राह्यला, आन् तुम्ही इथी झोपता? उठा! ऊठ नं बे!"

माझ्याजवळ उभ्या नामदेवनं कान धरले. मी म्हणाले, "हं."

"वाकली," माय म्हणाली.

मी मोठ्यानं मोजू लागले. चौदाला तिचा आवाज आला, धापा टाकणारा. "एका काखेतून दोर गेला. लय जड हायेत." मी म्हणाले, "हं." ती थोडा वेळ उभी राहून काहीबाही बोलली. कडुलिंबाचा पाला, कडबा, अंधार, जे हाताला लागेल ते बोलली, पण आता तिचे शब्द एकमेकांवर पडत होते. मग पुन्हा म्हणाली, "वाकली."

दहा झाले. पंधरा झाले. अठरा, एकोणीस. वीस. खाली सगळं शांत.

"ओढा!" मी ओरडले.

नामदेव म्हणाला, "थांब, बांधत असन. आता ओढलं तं मालक खालीच राह्यतीन. घटकाभर थांब." आणि दारातून मोठीमाय रडत म्हणाली, "लाजली असन वो. एवढं बोलली, आता भासऱ्याची शरम वाटली असन."

पुन्हा तेच. बाई गप्प झाली, म्हणजे लाजली.

मला तो क्षण अजून जसाच्या तसा दिसतो. मोठेबाबा वर येतील की नाही ते मला माहीत नव्हतं. मी 'ओढा' म्हटलं आणि गाठ बसलेली नसली, तर त्यांना मी मारलं असं जन्मभर म्हटलं गेलं असतं. पण मायनं सांगितलं होतं, कोनी काई म्हनो. मी रहीमचाचांचा हात धरून किंचाळले, "चाचा, वीस झाले! ओढा!" चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओढायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागं दोराला लोंबकळले. मोठीमायही उठली, पिठाच्या हातांनी दोर धरला.

मायचं डोकं तोंडाशी आलं. पदर कुठल्या कुठं गेला होता, केसांत ज्वारी. तिला बाहेर काढून कडेला टाकलं तर तिचे ओठ निळे पडलेले. एक मोठा श्वास आत गेला, दुसरा गेला, आणि ती म्हणाली, "बांधलं." गाठ बसली होती, पण नंतर उभं राहायला तिच्या पायात बळ उरलं नव्हतं. आणखी घटकाभर थांबलो असतो तर त्या पेवातून दोन मढी काढावी लागली असती.

मोठेबाबांना सगळ्यांनी मिळून ओढलं. त्यांचे खांदे तोंडाला खरचटले, रक्त आलं, पण ते आले. चाचांनी त्यांना कडुलिंबाखाली निजवलं, छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं ते ओकले आणि त्यांनी डोळे उघडले. चाचा त्यांच्या कानाशी ओरडले, "पुंडलिकभाऊ, सुनाई देता है क्या?"

"हं," मोठेबाबा म्हणाले.

मायनं ते ऐकलं. चाचपडत पदर शोधला, नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी तुळसाबाई लेकराला घेऊन आली, आखाजी झाली, झाडाला झोके बांधले गेले. गाव विचारत होतं, गिरजा खाली काय बोलली? आमच्या अंगणातल्या एकानंही सांगितलं नाही. नामदेवच्या पोटात गोष्ट राहत नसे, पण तोही म्हणायचा, "पेवातलं हाये ते." मोठेबाबांनी तर कधी विषय काढला नाही. ताट पूर्वीसारखंच सरकवायचे. मला वाटायचं, या माणसाला काही ऐकूच गेलं नसावं, किंवा ऐकून याचं मन दगडाचंच राहिलं. मायला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तू मोजलं, चाचानं ओढलं, मानूस वाचला. आनखी काय पाह्यजे तुले?"

पण पुढच्या वर्षी पेव उघडलं तेव्हा एक गोष्ट झाली. दिवसरात्र ते उघडं ठेवलं, कंदील तळाला टेकवून पाहिला आणि मोठेबाबा म्हणाले, "म्या उतरतो." शिळेवर नामदेव बसायला गेला तर त्याला उठवलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "कुसे, तुह्या मायले सांग, हुंकार द्याले ये." माय पदर ओढून आली, शिळेवर पाठ करून बसली. आणि मोठेबाबा खाली जाऊन बोलू लागले. त्यांचं बोलणं म्हणजे काय, "टोपलं भरलं. दुसरं घेतो. भोरडा बैल लंगडते. पाऊस यंदा लवकर दिसते." माय प्रत्येकाला म्हणायची, "हं." पुढं किती तरी वर्षं हे चाललं. एरवी एका घरात राहून न बोलणारी ती दोन माणसं वर्षातून एकदा पेवाच्या तोंडाशी बोलायची. त्या दिवशी मी शाळेला दांडी मारायची, पुढं मास्तरीण झाले तेव्हा रजा काढून यायची.

मोठेबाबा पुष्कळ जगले. शेवटी ओसरीत बाजेवर पडून होते, डोळे मिटलेले, खाणं सुटलेलं. डॉक्टर म्हणाले होते की आता त्यांना काही कळत नाही. दुपारची वेळ, मोठीमाय आत जराशी कलंडलेली, मी बाजेच्या पायथ्याशी. माय आली. तिचेही केस पांढरे झाले होते. बाजेजवळ जमिनीवर बसली, पदर नाकापर्यंत, तोंड भिंतीकडे. आणि बोलू लागली.

"तूर बरी आली यंदा."

काही वेळानं बाजेवरून आवाज आला, अगदी बारीक. "हं."

माय थांबली नाही. म्हैस गाभण आहे, तुळसाबाईच्या लेकाला नोकरी लागली, नामदेवच्या घरावर पत्रे टाकले, पेव आता बुजवून टाकलं, त्या जागी जास्वंद लावली. सगळ्याला तो हुंकार येत होता, दरवेळी जरा उशिरा. बोलता बोलता ती म्हणाली, "आज अंबाडीची भाजी केली होती."

हुंकार आला नाही. मग मोठेबाबा डोळे न उघडता म्हणाले, "चांगली होत होती. रोजच."

 मायचे खांदे हलले, एवढंच मी पाहिलं. मग तिनं घसा खाकरला आणि पुन्हा तुरीवर आली. "शेंगा भरल्या. काढाले माणसं सांगतले." बाजेवरून काही आलं नाही. ती गप्प झाली, आणि मी, मला कुणी सांगितलं नव्हतं तरी, मनातल्या मनात मोजू लागले.

"वीस झाले का, कुसे?" मायनं विचारलं.

"झाले, माय."

ती उठली. पदर डोक्यावरून मागं सारला, भासऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, आणि आतल्या मोठीमायला साऱ्या घराला ऐकू जाईल अशी खणखणीत हाक मारली.